वाचकांचे प्रश्न : पुढचा अ‍ॅक्सल नेमका कोणता?

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रकांच्या पुढच्या अ‍ॅक्सलविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची आहेत आणि ते साहजिकच आहे, कारण या अ‍ॅक्सलांचा संसार मुख्यतः तिकडचाच. एक पत्र नाशिकचे आणि एक मस्कतचे आहे. उत्तरांत जेथे उजवी किंवा डावी बाजू म्हटले आहे, तेथे गाडीत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाची उजवी-डावी समजावी. ही सूचना आरंभीच का द्यावी लागली, ते नाशिकच्या पत्रावरून कळेल.

प्रश्न : मी सॅक्रमेंटोजवळ राहतो. माझ्याकडे १९७९ सालची शेव्हरोले के-१० आहे. विकणाऱ्याने पुढे ‘डॅना ४४’, म्हणजे डॅना कंपनीचा ४४ क्रमांकाचा अ‍ॅक्सल, असल्याचे सांगितले होते. गाडीखाली शिरून डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना बळ वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) कव्हरचे बोल्ट मोजले तर ते दहा भरले. त्यावरून ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की हा ४४ नव्हे, जनरल मोटर्सचा स्वतःचा ‘टेन-बोल्ट’ आहे. मला क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी), बेअरिंग आणि सील मागवायचे आहेत. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : आपल्या मेकॅनिकचे अनुमान कदाचित बरोबरही निघेल, पण त्याने दिलेले कारण मुळीच टिकणारे नाही. डॅना ४४ च्या कव्हरलाही दहाच बोल्ट असतात आणि त्याहून कितीतरी दणकट असलेल्या डॅना ६० लाही दहाच असतात. जनरल मोटर्सच्या मागच्या अ‍ॅक्सलांत बारा आणि चौदा बोल्टांचे प्रकार होते. त्यांच्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून या अ‍ॅक्सलाला ‘टेन-बोल्ट’ म्हणण्याची रीत पडली. ते एका कंपनीच्या घरातले नाव आहे. इतर कंपन्यांच्या अ‍ॅक्सलांना तीच मोजपट्टी लावली की घोटाळा होतो आणि हा घोटाळा अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांच्या बाजारात रोज होत असतो. विकणाऱ्याचे म्हणाल, तर त्या मंडळींच्या तोंडी पुढचा प्रत्येक अ‍ॅक्सल ४४ च असतो. नावाला भाव आहे.

बोल्टांची संख्या सोडून कव्हरचा आकार पाहावा. पुढच्या अ‍ॅक्सलाचा पिनियन मागे, ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनचे बळ वाटणाऱ्या पेटीकडे) तोंड करून असतो, त्यामुळे कव्हर पुढच्या बंपरकडे येते आणि गाडीखाली न शिरताही, नुसते वाकून पाहिले तरी दिसते. चिखल आणि तेलाची पुटे आधी खरवडून काढावीत, कारण पुटांखाली प्रत्येक कव्हर गोलच भासते. जनरल मोटर्सच्या अ‍ॅक्सलाचे कव्हर जवळजवळ गोल असते. डॅना ४४ ची कड गोल नसते. ती ठिकठिकाणी सरळ छाटल्यासारखी असून एकंदर आकार वेड्यावाकड्या बहुकोनाचा दिसतो. दोन्ही एकदा शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही. तशी संधी नसेल तर कव्हरचे समोरून छायाचित्र काढून सुटे भाग विकणाऱ्यांच्या गॅस्केटच्या चित्राशी ताडून पाहावे. गॅस्केट हा कव्हरच्या कडेचा ठसाच असल्यामुळे तिथे शंकेला जागा राहत नाही.

यानंतर ओतकामावरील खूण शोधावी. डॅना ४४ च्या डिफरन्शियलच्या घरावर ज्या बरगड्या असतात, त्यांपैकी एकीवर ४४ हा आकडा ओतकामातच उठलेला असतो. बोटाने चाचपला तरी कळतो, मात्र तो पुटांखाली दडलेला असतो. आणखी भक्कम पुरावा नळीवर मिळतो. डॅनाच्या अ‍ॅक्सलाच्या नळीवर जोडणीचा क्रमांक ठोकलेला असतो. सहा आकडे, मग आडवी रेघ आणि पुढे आणखी एक-दोन आकडे, असे त्याचे रूप असते. हा क्रमांक ओतलेला नसून ठोकलेला असल्याने उथळ असतो आणि गंज व रंग यांनी भरून जातो. तारेच्या ब्रशने नळी स्वच्छ करावी, रंग काढण्याचे द्रावण लावून पुसावी आणि विजेरीचा झोत समोरून न टाकता नळीला जवळजवळ समांतर, तिरपा टाकावा, म्हणजे आकड्यांच्या कडांची सावली पडते. तरीही ३ आणि ८, किंवा ५ आणि ६ यांत गल्लत होत असेल, तर त्या जागी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासावी. हा क्रमांक हाती आला की अ‍ॅक्सल कोणत्या गाडीसाठी, कोणत्या गुणोत्तराने (चाकाच्या एका फेरीला पिनियन किती वेळा फिरतो त्या प्रमाणाने) बनला होता हे डॅनाच्या याद्यांवरून काढता येते. जनरल मोटर्सच्या अ‍ॅक्सलावर असला क्रमांक मिळणार नाही.

गाडीच्या सालावरून निर्णय का करू नये, हे आपल्या उदाहरणात चांगले दिसते. १९७३ साली शेव्हरोलेच्या पिकअपचा चौकोनी बांध्याचा अवतार आला तेव्हा पुढे डॅना ४४ होता. साधारण १९७७ च्या सुमारास कंपनीने स्वतःचा टेन-बोल्ट बसवायला सुरुवात केली आणि पुढची काही वर्षे दोन्ही अ‍ॅक्सल कारखान्यातून बाहेर पडत राहिले. आपले १९७९ साल नेमके या सरमिसळीच्या काळात येते. शिवाय १९७३ ते १९८७ या काळातल्या के-१० आणि के-२० गाड्यांचे पुढचे अ‍ॅक्सल फारशी काटछाट न करता एकमेकांत बसतात. इतक्या वर्षांच्या गाडीखाली आज जो अ‍ॅक्सल आहे तो कारखान्यातून आलेलाच असेल, असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही. डॅशबोर्डातल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये चिकटवलेल्या पत्रकावर गाडीबरोबर आलेल्या पर्यायांची सांकेतिक अक्षरे असतात, उदाहरणार्थ ३.७३ गुणोत्तरासाठी ‘जीटी४’ आणि ३.०८ साठी ‘जीयू४’. हे पत्रक वाचनीय असले तर अवश्य वाचावे, पण ते गाडीची जन्मपत्रिका आहे एवढे ध्यानात ठेवावे. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काय घडले ते त्यात नसते.

चाकाचे स्टड मोजूनही अ‍ॅक्सलाचे नाव कळत नाही. शेव्हरोलेत सहा स्टड (चाक धरणारे बोल्ट) असले तर अर्धा टन भाराच्या वर्गाची गाडी आणि आठ असले तर पाऊण टनाची किंवा त्याहून जड, एवढेच त्यावरून समजते. आठ स्टडांचा टेन-बोल्टही होता आणि आठ स्टडांचा डॅना ४४ ही होता. डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे, ही खूण इतरत्र फार उपयोगी पडते, पण आपल्या बाबतीत ती निरुपयोगी आहे, कारण या शेव्हरोले गाड्यांत दोन्ही अ‍ॅक्सलांचा गोळा उजवीकडेच असतो. तो डावीकडे दिसला असता तर मात्र दुसऱ्याच कुळीचा अ‍ॅक्सल कोणीतरी आणून बसवला आहे, असे निःशंक म्हणता आले असते.

आता मागणीविषयी. क्राऊन-पिनियन, त्यांची बेअरिंगे, पिनियनचे सील आणि कव्हरची गॅस्केट या वस्तू दोन्ही अ‍ॅक्सलांत वेगळ्या आहेत, म्हणून ओळख पक्की होईपर्यंत एकही मागवू नये. उलट चाकाच्या बाजूची पुष्कळ सामग्री सारखी आहे. नकलपाशी (चाक वळवणाऱ्या सांध्यापाशी) असलेला अ‍ॅक्सल शाफ्टचा क्रॉस (चाक वळले तरी शाफ्ट फिरू देणारा जोड, म्हणजेच युनिव्हर्सल जॉइंट) दोघांतही एकाच मापाचा येतो. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाबतीत एक गोष्ट तपासावी. १९७९ पर्यंत या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर ‘एनपी २०३’ ही कायम चारही चाके चालवणारी ट्रान्स्फर केस येत असे. अशा गाडीच्या पुढच्या हबवर फिरवून बंद-चालू करण्याची कळ नसते, तिथे नुसती टोपी असते. पुढे कोणी ती पद्धत बदलून लॉकिंग हब (चाक शाफ्टला हवे तेव्हा जोडणारे-सोडणारे) बसवले असतील तर सुटे भाग त्या बदलानुसार मागवावे लागतील.

मजबुतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण ४४ च्या नावाने मिळणारा जादा भाव यावरच उभा आहे. दोन्ही अ‍ॅक्सलांच्या क्राऊन व्हीलचा व्यास साडेआठ इंच आहे आणि क्रॉसही सारखाच. पुढच्या अ‍ॅक्सलात आधी तुटतो तो बहुधा क्रॉस किंवा त्याला धरणारा शाफ्टचा कान. तेव्हा निव्वळ नावासाठी चांगला चालणारा टेन-बोल्ट काढून ४४ बसवणे हा माझ्या मते पैशांचा अपव्यय आहे.

प्रश्न : नाशिकला माझ्याकडे वडिलांच्या काळातली महिंद्रची सीजे-३बी जीप आहे आणि तिच्या मागे पिकअपसारखा खुला हौदा बांधून घेतला आहे. पुढच्या अ‍ॅक्सलाचा उजवीकडचा शाफ्ट खराब झाला म्हणून अमेरिकेतून ‘ड्रायव्हरच्या बाजूचा’ शाफ्ट मागवला, तर आला तो लांबीला कितीतरी जास्त. चूक कुठे झाली? शिवाय आमचे गॅरेजवाले काका या अ‍ॅक्सलाला ‘स्पायसर’ म्हणतात आणि पुस्तकांत ‘डॅना’ असे लिहिलेले असते. दोन्ही एकच का?

उत्तर : अमेरिकेतल्या पुस्तकांत आणि दुकानांच्या याद्यांत ड्रायव्हरची बाजू म्हणजे डावी बाजू, कारण तिथे चालक डावीकडे बसतो. आपण उजवीकडे बसता. विलीज या जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीच्या रचनेत ट्रान्स्फर केसमधून पुढे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून पुढचा गोळाही उजवीकडे असतो. साहजिकच उजव्या चाकाचा शाफ्ट आखूड आणि डाव्या चाकाचा लांब होतो. आपल्याला उजवा, म्हणजे आखूड हवा होता. आपण ‘ड्रायव्हरची बाजू’ असे कळवले, त्यांनी आपल्या हिशेबाने डावा, म्हणजे लांब पाठवला. त्यांची काही चूक नाही. यापुढे उजवा-डावा असे लिहावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे ‘आखूड शाफ्ट’ असे लिहून सेंटिमीटरमध्ये आणि इंचांत लांबी द्यावी. बाहेर काढलेल्या शाफ्टची लांबी मोजताना टोकावरच्या स्प्लाइनचे दातेही मोजून कळवावेत.

नावाविषयी काकांचेही बरोबर आहे आणि पुस्तकांचेही. क्लॅरेन्स स्पायसर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींसाठी युनिव्हर्सल जॉइंट बनवण्याचा कारखाना काढला. १९१४ साली चार्ल्स डॅना त्या कंपनीत आले आणि १९४६ साली कंपनीचे नाव डॅना झाले, तरी स्पायसर ही छाप मालावर चालूच राहिली. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनलेल्या सीजे-३बी जीपच्या पुढे बहुतांश काळ स्पायसर २५, म्हणजेच डॅना २५ हा अ‍ॅक्सल असे.

त्याची ओळख अगदी सोपी आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे नकल वळते तिथे क्रॉस उघडा दिसत नाही. एका लोखंडी गोल कवचात तो बंद असतो आणि कवचाभोवती सीलची कडी बोल्टांनी आवळलेली असते. याला बंद नकल म्हणतात. ही कडी जुनी झाली की तेल-ग्रीस झिरपून चाकाच्या आतली बाजू काळी होते. गॅरेजमध्ये पुष्कळदा याला ‘हबचे सील गेले’ समजून भलतेच सील बदलतात, म्हणून आधी कवचाच्या तळाशी हात फिरवून पाहावा. ओल तिथे असेल तर दोष कवचाच्या कडीचा आहे.

क्राऊन-पिनियनही बदलायचे झाल्यास एक खबरदारी घ्यावी. अमेरिकन सीजे-३बीचे गुणोत्तर ५.३८ होते, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. भारतात या गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल पुढे पुष्कळ वेळा बदलले गेले. आपल्या गाडीत पुस्तकातला आकडाच असेल, असे न धरता दाते स्वतः मोजावेत आणि मागच्या अ‍ॅक्सलाचेही मोजावेत.

प्रश्न : ओहायोमध्ये माझ्या शेजाऱ्याकडून १९८५ ची फोर्ड एफ-१५० घेतली. कागदोपत्री पुढे डॅना ४४ आहे. पण मी इतर गाड्यांवर पाहिलेला ४४ म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकसंध आडवा अ‍ॅक्सल. माझ्या गाडीखाली मात्र अ‍ॅक्सल मधोमध तोडल्यासारखा दिसतो आणि त्याला मागे-पुढे कव्हरही नाही. कोणी काही उद्योग करून ठेवला आहे का?

उत्तर : कोणी काही केलेले नाही, फोर्डनेच तो तसा बनवला आहे. १९८० साली फोर्डने आपल्या पिकअपच्या पुढे ‘ट्विन ट्रॅक्शन बीम’ ही रचना आणली आणि एफ-१५० वर ती १९९६ पर्यंत टिकली. तिच्यात दोन स्वतंत्र तुळया असतात. डाव्या चाकाची तुळई गाडीच्या उजव्या भागाकडे टेकलेली असते आणि उजव्या चाकाची डाव्या भागाकडे, त्यामुळे प्रत्येक चाक आपापल्या कमानीत वर-खाली होते. गोळा डाव्या तुळईत बसवलेला असतो आणि उजव्या चाकाकडे जाणारा शाफ्ट मधल्या एका जादा क्रॉसमधून जातो. दोन नकलांपाशी दोन आणि मध्ये एक, असे एकूण तीन क्रॉस झाले. देखभाल करताना मधला हमखास विसरला जातो.

कव्हर न दिसण्याचे कारण असे की गोळ्याचे घर मागून थेट तुळईला बोल्टांनी जोडलेले असते आणि तुळईच त्याचे झाकण होते. म्हणून क्राऊन-पिनियन तपासायचे तर नुसते कव्हर काढून भागत नाही, आख्खा गोळा उतरवावा लागतो. आतले क्राऊन-पिनियन ४४ च्या मापाचे असल्याने कागदावरचे नावही खोटे नाही. परंतु नळी, शाफ्ट, नकल, गॅस्केट यांपैकी काहीही मागवताना नुसते ‘डॅना ४४’ म्हटले तर एकसंध अ‍ॅक्सलाचा माल आपल्या गळ्यात पडेल. ‘डॅना ४४, ट्विन ट्रॅक्शन बीम’ असे पूर्ण म्हणावे.

या रचनेतले दुसरे अ‍ॅक्सलही सांगून ठेवतो. जड एफ-२५० वर याच घडणीचा डॅना ५० येत असे, त्याच्या क्राऊन व्हीलचा व्यास नऊ इंच आहे. एफ-२५० ओळखण्यासाठी चाकाचे आठ स्टड आणि पुढचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पाहावेत. आपल्या एफ-१५० ला पाच स्टड आणि पुढे गुंडाळी स्प्रिंगा असतील. रेंजर या लहान पिकअपलाही हीच रचना लहान मापात मिळाली. एफ-३५० वर मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापासून एकसंध डॅना ६० परत आला. जड कामासाठी तुळयांवर फोर्डचाच भरवसा कमी झाला असावा, असा माझा तर्क आहे.

आपण विचारले नसले तरी टायरांकडे लक्ष द्यावे. तुळई जशी वर-खाली होते तसा चाकाचा उभेपणा बदलतो. स्प्रिंगा खचल्या की चाके वरून आत झुकलेली राहतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. हे वरच्या बॉल जॉइंटमधल्या एककेंद्री नसलेल्या बुशने सुधारता येते, पण त्याआधी स्प्रिंगांची उंची ठीक करावी. साधे अलाइनमेंट करून देणाऱ्या दुकानात हे बुश बदलण्याची तयारी नसते, म्हणून आधी विचारून मगच गाडी न्यावी.

प्रश्न : टेक्सासमध्ये १९८८ ची डॉज डब्ल्यू-१५० आहे. लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, पण पुढची दोन्ही चाके फिरत नाहीत. एका बाजूचा शाफ्ट तुटला असे म्हणावे तर दुसऱ्या बाजूचे चाक तरी फिरायला हवे होते. लॉकिंग हबही दिसत नाहीत. हा कोणता अ‍ॅक्सल?

उत्तर : हा डॅना ४४ च आहे, मात्र त्याच्या लांब बाजूच्या नळीवर एक बसके घर आणि त्यावर रबरी नळ्या जोडलेली डबी दिसेल. १९८५ पासून डॉजने या अ‍ॅक्सलात लॉकिंग हबऐवजी शाफ्ट मध्येच तोडण्या-जोडण्याची सोय केली. लांब शाफ्टचे दोन तुकडे असतात आणि एक सरकती कडी त्यांना एकत्र धरते. कडी सरकवते ती इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारी डबी.

एक बाजू सुटली की दुसरी का फिरत नाही, याचे उत्तर डिफरन्शियलच्या स्वभावात आहे. ते दोन्ही बाजूंना सारखेच बळ देते. सुटलेल्या बाजूला विरोधच नसल्याने आतले गिअर तिकडे मोकळे फिरतात आणि धड बाजूलाही काही पोहोचत नाही. तेव्हा शाफ्ट तुटल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये. इंजिन चालू ठेवून रबरी नळ्या तडकल्या आहेत का ते पाहावे, मग ट्रान्स्फर केसवरचा व्हॅक्यूमचा स्विच आणि शेवटी डबीतला पडदा तपासावा. हाती चालणारा व्हॅक्यूम पंप असेल तर तो थेट डबीला लावून काटा टिकतो का बघावे. काटा खाली येत असेल तर पडदा फाटलेला आहे. नळ्या आणि डबी ठीक निघाल्यास घराचे बोल्ट सोडून आतला फोर्क (कडी सरकवणारा चिमटा) आणि कडी हाताने सरकतात का ते पाहावे.

काही जण व्हॅक्यूमचा कायमचा कंटाळा येऊन तिथे केबल बसवतात. ती चांगली युक्ती आहे. कडी कायमची जोडून टाकण्याची पद्धत मात्र मला पसंत नाही, कारण हब मोकळे करण्याची सोय नसल्याने मग साध्या रस्त्यावरही पुढचे सगळे यंत्र विनाकारण फिरत राहते.

प्रश्न : कॅनडात अल्बर्टा प्रांतात आमच्या १९७८ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये कोणीतरी पुढचा अ‍ॅक्सल बदललेला आहे. गुणोत्तराची पट्टी हरवली आहे. कव्हर न उघडता गुणोत्तर कळेल का? मागचे ३.५० आहे आणि पुढचे अगदी तेवढेच असले पाहिजे का?

उत्तर : कळेल. गाडी सपाट जमिनीवर लावावी, मागच्या चाकांना ठोकळे द्यावेत आणि पुढचे एक चाक जॅकने उचलून खाली स्टँड ठेवावा. ट्रान्स्फर केस टू-व्हीलमध्ये ठेवावी आणि पुढचे दोन्ही हब लॉक करावेत. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खुणा कराव्यात. एक चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेले चाक दोन वेळा पूर्ण फिरले की क्राऊन एकदाच फिरते, म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांत प्रॉपेलर शाफ्ट जितका फिरेल तेच गुणोत्तर. केवळ दोनच फेऱ्या फिरवल्या तर ३.५४ आणि ३.७३ यांतला फरक खडूच्या खुणेवर नीट कळत नाही. चाक वीस फेऱ्या फिरवावे आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. पस्तीस आणि साधारण अर्धी भरली तर ३.५४, सदतीस आणि थोडी भरली तर ३.७३, एकेचाळीस भरली तर ४.१०. फिरवायला आणि मोजायला दोन वेगळी माणसे असावीत, नाहीतर विसाव्या फेरीपर्यंत हिशेब चुकतो. उचललेले चाक एकटे फिरतच नसेल तर डिफरन्शियल मर्यादित-घसरणीचे, म्हणजे एका चाकाला एकटे फिरू न देणारे, असू शकते. अशा वेळी दोन्ही चाके उचलावीत आणि दोन्ही बरोबर फिरताना चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात.

गुणोत्तर तंतोतंत सारखे असण्याची गरज नाही. फोर्डच्याच कारखान्यातून मागे ३.५० आणि पुढे ३.५४ अशा गाड्या निघत असत. एक टक्क्याच्या आसपासचा फरक मऊ जमिनीवर टायर घसरून सोसतात. मागे ३.५० आणि पुढे ३.७३ निघाले तर मात्र फोर-व्हील अजिबात वापरू नये. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात, लिव्हर अडकतो आणि ट्रान्स्फर केसचे नुकसान होते.

कव्हर कधी उघडलेच तर क्राऊनच्या कडेवर दात्यांची संख्या ठोकलेली असते, तिचा भागाकार करावा. ४१ आणि ११ असेल तर ३.७३, ४६ आणि १३ असेल तर ३.५४. गुणोत्तर बदलण्याचा विचार असेल तर हेही माहीत असावे की डॅना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या गुणोत्तरांसाठी क्राऊनला धरणारी केस वेगळी असते आणि ३.९२ पासून वरच्यांसाठी वेगळी. नुसते क्राऊन-पिनियन आणून चालत नाही. डॅना ६० मध्ये हीच हद्द ४.१० आणि ४.५६ यांच्या मध्ये पडते.

१९७८ ची मूळ एफ-१५० असती तर पुढचा ४४ उंच पिनियनचा असता, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट गोळ्याच्या मध्यरेषेच्या वरून आत शिरताना दिसला असता आणि गोळा डावीकडे असता. आपल्याकडे बसवलेल्या अ‍ॅक्सलात तसे दिसते का, ते पाहून कळवावे.

प्रश्न : भंगारवाड्यात पुढचा डॅना ६० पाहताक्षणी कसा ओळखावा? (शिकागो)

उत्तर : आकारमानावरूनच कळतो. क्राऊन व्हील पावणेदहा इंचांचे असल्याने गोळा ४४ पेक्षा स्पष्ट मोठा असतो, चाकाला आठ स्टड असतात आणि घरावर ६० हा आकडा ओतलेला असतो. नकलही पाहावी. फोर्डमध्ये १९९१ पर्यंतच्या डॅना ६० ला किंगपिन (नकल ज्याभोवती वळते तो खुंटा) आणि १९९२ पासून बॉल जॉइंट, तर डॉजच्या १९९४ पासूनच्या गाड्यांत बॉल जॉइंट आहेत. किंगपिन असलेल्यांना मागणी जास्त आहे, त्यामुळे भावही चढा सांगतात. घेण्यापूर्वी किंगपिनची ढिलाई पाहावी. त्यासाठी नकल वरून-खालून दोन्ही हातांनी धरून हलवावी.

प्रश्न : मस्कतमध्ये १९९० ची टोयोटा हायलक्स फोर-व्हील पिकअप आहे. तिचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध आहे. अमेरिकन माहितीत म्हटले आहे की १९८६ पासून हायलक्सला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले. माझी गाडी बदललेली आहे का?

उत्तर : नसावी. ती माहिती अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांची आहे. इतर अनेक देशांत एकसंध पुढचा अ‍ॅक्सल आणि पाटे असलेली हायलक्स १९९७ पर्यंत मिळत होती. आपल्या गाडीचे सुटे भाग अमेरिकेच्या यादीतून साल पाहून मागवू नयेत, मिळतील ते स्वतंत्र सस्पेन्शनचे मिळतील. अ‍ॅक्सल मूळचा आहे का हे पाहायचे तर बंपरच्या बाजूने पाहावे. टोयोटाच्या घराला त्या बाजूने काढता येणारे कव्हर नसते, तिथे घर बंदच असते आणि गोळा पिनियनच्या बाजूने अख्खा बाहेर येतो. नकल गोल कवचात बंद असेल. कव्हर आणि त्याभोवती दहा बोल्ट दिसले, तर तो टोयोटाचा नाही.